दोन नंबरचा शर्ट

आमच्या ऑफिसात खिडक्या दोनच. एक नंबरला जन्माची नोंद, दोन नंबरला मृत्यूची. एक नंबरला मी बसते, दोन नंबरला भाऊ. म्हणून सगळं ऑफिस मला 'एक नंबर' म्हणतं आणि त्यांना 'दोन नंबर'. नवीन माणसाला वाटतं, हा गृहस्थ नक्की टेबलाखालून काहीतरी घेत असणार. प्रत्यक्षात भाऊंनी तीस वर्षांत खिडकीपलीकडच्या माणसाकडून पेनसुद्धा उसनं घेतलेलं नाही. उलट त्यांचीच दोन पेनं दर आठवड्याला लोकांबरोबर घरी जातात.

भाऊंचा शर्ट म्हणजे एक प्रकरण आहे. फिकट रंग, पूर्ण बाही, मनगटाला बटण लावलेलं, आणि इस्त्री अशी की बाहीच्या रेघेवर कागद फाडून घ्यावा. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडला तरी बाही वर जायची नाही. सहा शर्ट रविवारी सकाळी स्वतः इस्त्री करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. वहिनी म्हणतात, "लग्नात माझ्याकडे पाहिलं नसेल एवढं हे कॉलरकडे पाहतात."

मी त्यांच्या बरोबर उलटी. दोरीवरचा शर्ट काढला की अंगात. खाली जीन्स, पायात चपला, त्याही टेबलाखाली काढून ठेवलेल्या. कपडा माणसासाठी असतो, माणूस कपड्यासाठी नाही, एवढं साधं माझं म्हणणं. भाऊंना ते कधी पटलं नाही. "तुझ्या शर्टाला इस्त्री नावाची वस्तू माहीत आहे का गं?" हे त्यांनी मला अकरा वर्षांत किती वेळा विचारलं असेल याची गणती नाही. आणि मीही दर वेळी सांगते, "ओळख आहे, पण जाणं-येणं नाही."

आठ वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या साहेबांनी भिंतीवर कागद लावला होता: महिला कर्मचाऱ्यांनी सभ्य पोशाखातच यावे. महिला कर्मचारी म्हणजे मी एकटी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी लेखी विचारलं, 'सभ्य म्हणजे नेमके काय, लांबी-रुंदीसह कळवावे.' साहेबांनी सगळ्यांच्या सह्या घेऊन माझ्याविरुद्ध तक्रार वर पाठवायची ठरवली. सगळ्यांनी मूग गिळून सह्या केल्या. कागद भाऊंकडे आला. मला वाटलं, आता हे तर आनंदाने करतील. भाऊंनी कागद वाचला, घडी नीट केली आणि परत दिला. मला म्हणाले, "तुझे कपडे मला अजिबात पटत नाहीत. पण ते तुझे आहेत." नंतर नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, का, तर मी साहेबांना उद्धट भाषेत लिहिलं म्हणून. एक सही कमी पडली आणि ती तक्रार तिथेच राहिली. ही गोष्ट मी विसरलेली नाही.

भाऊ असे का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा भर दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर बंद, रांग पांगली. तेव्हा त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांची आई गेली. नोंदीसाठी ते याच ऑफिसात, याच दोन नंबरच्या खिडकीवर आले होते. आत बसलेला कारकून बनियनवर होता, शर्ट खुर्चीच्या पाठीला टांगलेला. शेंगदाणे खात होता. मान वर न करता म्हणाला, "कोण गेलं?" भाऊंनी आईचं नाव सांगितलं. टरफलं फॉर्मवर पडली होती, ती त्याने फुंकर मारून उडवली, थोडी भाऊंच्या अंगावर आली. नाव त्याने चुकीचं लिहिलं. तेव्हा सांगायचा धीर भाऊंना झाला नाही.

"मग आता दुरुस्त करा की," मी म्हटलं. "दुरुस्तीचे अर्ज तुम्हीच तर मंजूर करता."

"स्वतःच्या अर्जावर स्वतः सही कशी करू?" भाऊ म्हणाले.

तर असा हा माणूस. दोन नंबरला कुणी आलं की भाऊ आधी खुर्चीतून उठतात. खिडकीबाहेर एक खुर्ची ठेवून घेतली आहे त्यांनी, त्यासाठी दोन वर्षं अर्ज करत होते. समोरच्याला बसायला सांगतात आणि मग विचारतात, "कोणाचं नाव लिहू?" कोण गेलं, कोण वारलं, मयत कोण, यातलं काहीही नाही. कोणाचं नाव लिहू. लिहून झालं की हळू आवाजात ते नाव एकदा पूर्ण वाचून दाखवतात. मी शेजारी बारशाच्या गडबडीत असते, बाळं रडत असतात, आज्या फोटो काढत असतात, तरी ते वाचणं मला ऐकू येतं.

मागच्या वर्षी आमच्या दोन्ही खिडक्या एका कंपनीकडे चालवायला दिल्या. कंपनीने मॅनेजर पाठवला, वय तिशीच्या आसपास, दाढी कोरलेली, पायात सँडल. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "मला साहेब म्हणायचं नाही." मग काय म्हणायचं, ते कुणाला सुचेना. नावाने हाक मारायला जीभ वळेना. तेव्हापासून त्यांना सगळे पाठीमागे बिनसाहेब म्हणतात.

बिनसाहेबांनी आल्या आल्या केबिनचं दार काढून टाकलं. साहेब आणि कर्मचारी यांच्यात दार कशाला, म्हणे. भिंतीला रंग दिला, पाण्याचं मशीन बसवलं, पोशाखाचा जुना कागद फाडला. मला तर माणूस एकदम आवडला. मी भाऊंना चिडवलंसुद्धा, "बघा, आमचं राज्य आलं." भाऊंनी कफचं बटण चाचपून पाहिलं फक्त.

दोन महिन्यांनी खोका आला. खोक्यात पिवळेधमक टी-शर्ट, प्रत्येकाला तीन. छातीवर मोठ्या अक्षरांत 'हसत या', पाठीवर तेवढ्याच अक्षरांत 'हसत जा'. एक तारखेपासून सगळ्यांनी हेच घालायचं, रोज. कॉलरचे शर्ट बंद.

माझ्या खिडकीला ते शोभत होतं, खोटं कशाला बोलू. बाळाला घेऊन आलेली माणसं वाचायची, हसायची. कापडही मऊ होतं, इस्त्रीची भानगड नाही. मी दुसऱ्याच दिवशी घातला. भाऊ एक तारखेलाही नेहमीसारखे फिकट निळ्या शर्टात आले.

बिनसाहेबांनी त्यांना बोलावलं. केबिनला दार नव्हतं, त्यामुळे सगळं आम्हाला ऐकू आलं.

"काका, टी-शर्ट लहान झाला का?"

"माप बरोबर आहे. मजकूर बरोबर नाही."

"म्हणजे?"

"मी मृत्यूच्या खिडकीवर बसतो. फॉर्म काढायला मला कपाटाकडे वळावं लागतं. समोरच्याला माझी पाठ दिसते. त्याच्या घरातलं माणूस गेलेलं असतं आणि माझ्या पाठीवर 'हसत जा' लिहिलेलं असणार."

बिनसाहेब हसले. "काका, तुम्ही फार खोलात जाता. हसत जा म्हणजे रोज हसत जा, हसतमुख राहा. 'जा' या शब्दाचा एवढा अर्थ कोण काढतो?"

"आमच्या खिडकीवर येणारा काढतो. त्याच्या घरात चार दिवस 'गेला', 'गेली' एवढंच चालू असतं."

बिनसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "माझी आजी दाखल्यासाठी अशाच ऑफिसात जायची. आतल्या कडक कॉलरकडे बघून तिची बोबडी वळायची. स्वतःचं वयसुद्धा चुकीचं सांगून यायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या ऑफिसात कुणाला कॉलरची भीती वाटू द्यायची नाही. तुमचा हा शर्ट लोकांना भीती घालतो, काका."

भाऊंनी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "तुमच्या आजीला भीती कॉलरची नव्हती. आतला माणूस उठून उभा राहत नव्हता, त्याची होती."

"ते काहीही असो. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखा आहे. खिडक्या सारख्या नाहीत."

तीन स्मरणपत्रं आली. तिन्हींना भाऊंनी सुवाच्य अक्षरात एकच उत्तर दिलं, 'सदर पोशाख या खिडकीस योग्य नाही.' चौथं पत्र आलं ते बदलीचं. सोमवारपासून भाऊंनी तळघरात बसायचं, जुनी रजिस्टरं स्कॅनिंगच्या मशीनखाली धरायची. खिडकी गेली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते त्यांचे.

मी भाऊंवरच चिडले. म्हटलं, "घाला की तो पिवळा फडका. आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे. वर कोट घाला, स्वेटर घाला, काहीही करा, पण खिडकी सोडू नका."

"तुला मनासारखं घालायचं होतं तेव्हा तू स्वेटर घातला होतास का?"

शुक्रवारी संध्याकाळी भाऊंनी खण रिकामा केला. दोन पेनं, एक रबर, आणि आतमध्ये घडी करून ठेवलेला जादा शर्ट, शाई सांडलीच तर असावा म्हणून. तो शर्ट दोन्ही तळहातांवर धरून ते जिन्याने खाली गेले. मला इतका राग आला होता की मी त्यांना अच्छासुद्धा म्हटलं नाही.

सोमवारपासून दोन्ही खिडक्या माझ्याकडे. पहिले दोन दिवस मी कसंबसं निभावलं. इकडे पेढ्यासारखं तोंड करायचं, तिकडे वळून तोंड पाडायचं, माणूस वेडा होईल. लोक घाईत होते, कागद ढकलत होते, कुणी माझ्या पाठीकडे पाहत नव्हतं. मला वाटलं, चला, भाऊ उगाच खोलात गेले.

बुधवारी एक म्हातारे गृहस्थ आले. एकटेच. हातात दवाखान्याचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. खिडकीबाहेरच्या खुर्चीवर बसले ते अगदी टोकावर. मी विचारलं, "कोण?" बस, एवढंच. भाऊंसारखं विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

"बायको," ते म्हणाले.

मी फॉर्म काढायला कपाटाकडे वळले. वरच्या कप्प्यातला गठ्ठा अडकला होता, तो ओढण्यात वेळ गेला. मागून आवाज आला. ते वाचत होते, शाळेतल्या मुलासारखं अक्षर अक्षर जोडून. आयुष्यभर सरकारी ऑफिसातली प्रत्येक पाटी माणूस वाचतो तसं. रांगेत उभे राहा. थुंकू नये. आत येऊ नये.

"हसत... जा."

मी वळले. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी ओठ ओढले, दोन्ही बाजूंनी, जमेल तेवढे. मग त्यांनी मान हलवली.

"आज नाही जमणार," ते म्हणाले. "माफ करा. नियम असेल तर मी उद्या येतो."

मला लाज वाटली. मी फॉर्म टेबलावर ठेवला, त्यांना म्हटलं, "बाबा, असा काही नियम नाही. तुम्ही बसा. या खिडकीचा माणूस आता येतोय." बाथरूममध्ये गेले, टी-शर्ट काढला आणि उलटा करून घातला. अक्षरं आत, शिवणी बाहेर. मग तळघराला फोन लावला.

"भाऊ, वर या."

"मला आदेश नाही."

"मी दोन नंबरला बसणार नाही. मला ते काम येत नाही. माणूस समोर बसलाय."

"कोण?"

"बायकोचं नाव लिहायला आलेत. मी नीट विचारलंसुद्धा नाही, भाऊ."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात बिनसाहेब बाहेर आले. रांग थांबली होती, दोन नंबरची खुर्ची रिकामी, आणि मी शिवणी बाहेर काढून उभी. "हे काय चाललंय? टी-शर्ट उलटा का घातलाय?"

"सुलटा घालून पाहिला. बाबांनी वाचला."

"मग? वाचायलाच आहे तो."

मी तोंड उघडणार, तोवर म्हातारे उठून उभे राहिले. "साहेब, या ताईंना बोलू नका. त्यांची चूक नाही. हसायला सांगितलं होतं, मलाच जमलं नाही. तिचा दाखला मिळेल ना?"

"आजोबा, तुम्हाला कोणी सांगितलं हसायला?"

म्हाताऱ्यांनी बोट केलं. सरळ बिनसाहेबांच्या छातीकडे. "तुमच्याही अंगावर आहे की."

बिनसाहेबांनी मान खाली घालून स्वतःची छाती वाचली. महिनाभर घालत होते तो टी-शर्ट, पण मला वाटतं, वाचला पहिल्यांदाच. त्यांनी हाताची घडी घातली, अक्षरं झाकतील अशी. मग त्यांना आत जायचं होतं. पण पाठ फिरवली असती तर पाठीवरचं दिसलं असतं. ते त्यांच्या लक्षात आलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हाताऱ्यांकडे तोंड ठेवून ते उलट्या पावलांनी केबिनपर्यंत गेले आणि आत बसले. दार लावायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती.

भाऊ जिन्यावरून वर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या बाह्या वर दुमडलेल्या पाहिल्या. शर्टावर जुन्या रजिस्टरांची धूळ, कोपराला काळा डाग. मला वाटलं सरळ येऊन बसतील. नाही आले. कपाटाच्या आड उभे राहिले, दोन्ही बाह्या खाली केल्या, बटणं लावली. बरोबर आणलेला जादा शर्ट बघितला, समोरच्या रांगेकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "दोन मिनिटं." बदलून आले. कडक इस्त्री, पांढराशुभ्र. बिनसाहेब केबिनमधून हे सगळं बघत होते. थांबवायचं असतं तर चार पावलांचं अंतर होतं.

भाऊ खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. म्हाताऱ्यांनी टेकायची वाट पाहत उभे राहिले.

"बसा," ते म्हणाले. "कोणाचं नाव लिहू?"

म्हाताऱ्यांनी नाव सांगितलं. भाऊंनी लिहिलं, आणि हळू आवाजात एकदा पूर्ण वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. आणि मग आपणहून, कुणी न सांगता, बायको कशी होती ते सांगायला लागले. सांगता सांगता मध्येच एकदा हसलेसुद्धा. कारण तिला म्हणे स्वतःचं नाव कधीच आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला आणि भाऊंना कारणे दाखवा नोटीस आली. ती कंपनीच्या वरच्या ऑफिसातून आली होती, खाली बिनसाहेबांची सही होती. सही करताना पेन अडखळलेलं दिसत होतं. भाऊंनी आदेशाशिवाय जागा सोडली आणि नेमून दिलेला पोशाख घातला नाही; मी नेमून दिलेला पोशाख उलटा घातला. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

भाऊ तेव्हापासून दोन नंबरलाच बसतात. त्यांना कुणी परत खाली जा म्हटलेलं नाही, वर बस असंही म्हटलेलं नाही. बिनसाहेब पिवळ्यातच येतात, पण दोन नंबरच्या बाजूने जायचं असलं तर मागच्या दाराने फिरून जातात. मी माझ्या जुन्या चुरगळलेल्या शर्टांवर परत आले आहे. भाऊ अजून इस्त्रीवरून टोमणे मारतात, मी अजून ऐकत नाही. आमचं पटलेलं आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

खुलासा मात्र आम्ही दोघांनी मिळून एकच दिला. मी लिहिला. भाऊंना माझी भाषा नेहमीच उद्धट वाटते, म्हणून त्यांनी तो चष्मा लावून वाचला. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, शेवटी पूर्णविराम दिला आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. या खेपेस सही कमी पडली नाही.

नोटिशीतला प्रश्न होता, 'सदर मजकुराचे पालन का केले नाही?'

आम्ही लिहिलं, 'आज नाही जमणार. माफ करा.'